गरीब सावकाराचा कारभारी

माझे आजोळ रोह्याचे. आजोबांचे बाजारपेठेत धान्याचे छोटे दुकान होते. आजी गेल्यानंतर मामांनी तिची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एका कापडी पिशवीत दोन कागद निघाले. एक होती दहा रुपयांची नोट, सहाव्या जॉर्ज बादशहाचे चित्र असलेली. दुसरे होते वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण, १९५६ सालच्या जुलै महिन्यातले. नोटेवर इंग्रजीत सही होती सी. डी. देशमुख यांची. कात्रणातले छायाचित्रही त्यांचेच होते. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले, ही ती बातमी.

या दोन कागदांमागे आजोबांचा एक जुना हिशेब होता. त्रेचाळीस साली दुकानाच्या गल्ल्यात नोटा होत्या, पण पोत्यात तांदूळ नव्हता. ओळखीची गिऱ्हाईके हात हलवत परत जायची आणि आजोबांना ते अगदी लागायचे. कागद छापून साहेबाने आमचे धान्य नेले, आणि त्या कागदावर सही करायला आमच्याच रोह्याचा पोर सापडला, अशी त्यांची तक्रार असे. त्याच आजोबांनी बावन्न साली देशमुखांना मत दिले आणि छप्पन्न साली हे कात्रण जपून ठेवले. एकाच माणसाबद्दलचा राग आणि अभिमान त्यांनी एकाच पिशवीत ठेवला होता.

मी पुढे बँकेत चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. धनको, ऋणको, तारण, व्याज या शब्दांत आयुष्य गेले. तरी आजोबांच्या तक्रारीत किती तथ्य होते हे समजायला मला फार वर्षे लागली. ते समजून घेता घेता चिंतामणरावांचे चरित्रच माझ्यापुढे उलगडत गेले. आज सांगायचे आहे ते त्यांच्याविषयी आणि त्यांच्या एका विलक्षण उधारीविषयी.

रोह्याचा मुलगा

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगडाच्या परिसरातल्या नाते या गावी झाला. वडील वकील. बालपण बरेचसे रोह्यात गेले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत हा मुलगा पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. आमच्या आजोळी अभ्यास न करणाऱ्या प्रत्येक मुलाला हे नाव ऐकवले जायचे. त्यामुळे लहानपणी आम्हा भावंडांना या गृहस्थांविषयी फारसे प्रेम नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

पुढे ते केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले. गंमत अशी की, ज्या माणसाने पुढे देशाची तिजोरी सांभाळली, त्याने तिथे अर्थशास्त्र घेतले नव्हते. त्याचे विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्राचे बक्षीसही मिळाले. झाडांची ही आवड आयुष्यभर टिकली. मोठमोठ्या पदांवर असतानाही बागेतले काम ते स्वतःच्या हाताने करत.

१९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले. लोकमान्य टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी विलायतेत होते. तरुण देशमुख त्यांना भेटले आणि साहेबाची चाकरी पत्करावी की देशकार्यात पडावे असे त्यांनी विचारले, असे सांगतात. लोकमान्यांनी नोकरी करण्याचाच सल्ला दिला. उद्या स्वराज्य येईल तेव्हा राज्य चालवता येणारी माणसे लागतील, असा त्यांचा विचार होता. चिंतामणरावांचे पुढचे सगळे आयुष्य जणू या सल्ल्याची कसोटी पाहण्यात गेले.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी जवळजवळ दोन दशके काढली. जमीनमहसूल, बंदोबस्त, प्रांताचे अंदाजपत्रक या पायऱ्या चढत ते अर्थसचिव झाले. कर कुणावर बसतो, कुणापर्यंत पोहोचतो आणि मध्येच कुठे गळतो, हे त्यांनी तिथे पाहिले. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम केले. जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि दोन महिन्यांत युरोपात युद्ध पेटले.

नोटा आल्या, तांदूळ गेला

आजोबांच्या तक्रारीचे मूळ इथे आहे. गोष्ट थोडी हिशेबाची आहे, पण घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कुणालाही समजेल अशी आहे.

युद्धासाठी ब्रिटनला हिंदुस्थानातून पुष्कळ माल हवा होता. कापड, ताग, धान्य, कातडी, शिवाय लाखो सैनिकांचा खर्च. या सगळ्याचे पैसे इथल्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला, शिपायाला रुपयांत द्यायचे होते. १९३९ साली दोन सरकारांत खर्चाची वाटणी ठरली. हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने करायचा आणि बाकीचा ब्रिटनने भरून द्यायचा. दिसायला व्यवहार चोख होता. पण भरून द्यायचा म्हणजे कसा? तर इथल्या सरकारने रुपयांत खर्च करायचा आणि ब्रिटनने त्याबदली लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा करायचे. ते पौंड युद्ध संपेपर्यंत मनासारखे खर्च करता येत नव्हते. यंत्रे आणावीत तर ब्रिटनकडे द्यायला यंत्रे नाहीत. अमेरिकेतून आणावीत तर डॉलर साम्राज्याच्या सामाईक खात्यात, आणि त्याच्या किल्ल्या लंडनला.

दुसरीकडे कायदा असा होता की, लंडनमधले पौंडांचे रोखे तारण धरून रिझर्व्ह बँकेला नोटा काढता येत. म्हणजे तिकडे वहीत आकडा चढला की इकडे छापखाना सुरू. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल देशाबाहेर किंवा लष्कराकडे गेला आणि लोकांच्या हातात कागद उरला. भाव वाढले नसते तरच नवल. सरकारने जादा नफ्यावर कर बसवला, कर्जरोखे काढले, पुढे सोने विकून बाजारातला पैसा शोषून घेण्याचाही प्रयत्न केला. पण सर्वांत मोठा कर कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हता. तो महागाईच्या रूपाने गोरगरिबांच्या ताटातून परस्पर वसूल झाला. कुठल्याही विधिमंडळाने तो कधी मंजूर केला नव्हता.

१९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. मृतांचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, वादळाने पीक नेले, सरकारने नावा जप्त केल्या, साठेबाजी झाली. पण युद्धखर्चाने फुगलेला पैसा आणि त्यामागे धावणारे भाव हे त्यांतले मोठे कारण होते, याबद्दल आज फारसे दुमत नाही. कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसे मरत होती, ती तेवढी पौंडांचे धनको होऊन मरत होती, असे म्हटले तर ते कडू वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि ऑगस्टमध्ये त्या जागेवर चिंतामणराव आले. ते पहिले हिंदी गव्हर्नर, वय सत्तेचाळीस. आजोबांच्या ट्रंकेतली नोट त्यानंतरची. छापण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, युद्ध त्यांचे नव्हते, वाटणीचा करारही त्यांच्या आधीचा. पण सही त्यांची होती. पुढे मीही बँकेत अनेक कागदांवर वरून आलेल्या हुकमाप्रमाणे सह्या केल्या. म्हणून मला त्यांना माफही करता येत नाही आणि दोषही देता येत नाही. त्यांच्याकडे दोन मार्ग होते, राजीनामा देणे किंवा आत राहून हिशेब नीट राखणे. त्यांनी दुसरा पत्करला. तो योग्य होता का, हे त्या हिशेबाचे पुढे काय झाले यावरच ठरणार होते.

ब्रेटन वुड्सच्या हॉटेलात

युद्ध संपेपर्यंत लंडनमधल्या या शिलकी सुमारे १३० कोटी पौंडांवर गेल्या. एका पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै या दराने १७०० कोटी रुपयांहून अधिक. ज्या देशावर युद्धापूर्वी विलायतेचे कर्ज होते, त्याने ते बहुतेक सगळे फेडले आणि वर तो साम्राज्याचा सावकार झाला. जगाच्या इतिहासात असा सावकार विरळाच, स्वतः उपाशी आणि ऋणको मात्र महासत्ता.

आणि सावकार दुबळा असला की ऋणको काय करतो, ते आपल्याकडे खेडोपाडी ठाऊक आहे. तो आधी व्याजाची कुरकुर करतो, मग मुदलाची. युद्ध आम्ही तुमच्यासाठी लढलो, मालाचे भाव तुम्ही चढे लावले, तेव्हा काही रक्कम सोडून द्या, असा सूर लंडनमध्ये उमटू लागला. खुद्द पंतप्रधान चर्चिल यांना उलटा दावा लावावा असे वाटत होते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स या थंड हवेच्या ठिकाणी माउंट वॉशिंग्टन हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतर जगाचा पैसा कोणत्या नियमांनी चालावा हे तिथे ठरणार होते. आज ज्यांना आपण आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक म्हणतो त्यांचा पाळणा तिथे हलला. हिंदुस्थान अजून पारतंत्र्यात होता, तरी त्याला वेगळी खुर्ची होती. शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन. सोबत अर्थशास्त्री सर थिओडोर ग्रेगरी. हे दोघे इंग्रज. हिंदी सभासद म्हणजे चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी, मुंबईचे उद्योगक्षेत्रातले ए. डी. श्रॉफ, आणि रिझर्व्ह बँकेचे अर्थशास्त्री बी. के. मदन. पाहुण्यांच्या पंगतीत अर्धे घरचे आणि अर्धे मालकाचे, असा तो प्रकार होता. तरीही या मंडळींनी तिथे जे मांडले ते एका सुरात मांडले.

मागण्या तीन होत्या. पहिली, नाणेनिधीच्या उद्दिष्टांतच मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख हवा. दुसरी, युद्धात साठलेल्या शिलकींपैकी निदान काही भाग या नव्या संस्थेमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा. इजिप्तचीही रक्कम अशीच अडकली होती, त्यानेही पाठिंबा दिला. तिसरी, हिंदुस्थानचा कोटा, म्हणजे निधीतला वाटा आणि त्यावर मोजली जाणारी मते, लोकसंख्या आणि व्यापाराला शोभेल एवढा असावा.

दुसरी मागणी सपशेल फेटाळली गेली. ब्रिटनतर्फे लॉर्ड केन्स होते. शिलकींचा प्रश्न देणारा आणि घेणारा यांनी आपसांत सोडवावा, ही त्यांची भूमिका. अमेरिकेलाही तेच सोयीचे होते. त्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी होती. नाणेनिधीचे सगळे भांडवल ८८० कोटी डॉलरचे, आणि युद्ध संपेपर्यंत एकट्या हिंदुस्थानचे येणेच त्याच्या निम्म्याहून जास्त झाले होते. एवढा बोजा त्या नव्या तिजोरीला झेपला नसता. पण मग एक प्रश्न उरतोच. श्रीमंतांच्या अडचणीसाठी नियम घडवले जातात आणि गरिबांच्या अडचणीसाठी तिजोरी लहान पडते, असे का?

पहिल्या मागणीचेही थोडेच पदरात पडले. मागासलेल्या देशांचा वेगळा उल्लेख नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आला नाही. सर्व सभासदांची उत्पादनक्षमता वाढवावी, एवढे मोघम वाक्य राहिले. जागतिक बँकेच्या सनदेत मात्र कमी विकसित देशांचा उल्लेख आला. कोट्याच्या बाबतीत हिंदुस्थानला ४० कोटी डॉलर मिळाले. चीनला ५५, फ्रान्सला ४५, ब्रिटनला १३०, अमेरिकेला २७५. रशियाला मोठा वाटा होता, पण तो पुढे आलाच नाही. त्यामुळे हिंदुस्थान पहिल्या पाचांत गेला आणि निधीच्या कार्यकारी मंडळावर स्वतःचा संचालक नेमण्याचा मान आपोआप मिळाला. बुडत्याला काडीचा का होईना, आधार झाला.

रिकाम्या हाताने परत यायचे की सभासद होऊन आत बसायचे, हा पेच पुन्हा होताच. देशात अनेकांचे मत सभासद होऊ नये असे होते. डिसेंबर १९४५ मध्ये हिंदुस्थानने सही केली. चिंतामणरावांचा कौल नेहमीप्रमाणे आत बसण्याच्या बाजूने होता. पाच वर्षांनी, १९५० साली, पॅरिसमध्ये याच दोन संस्थांच्या वार्षिक सभेचे अध्यक्षस्थान त्यांना मिळाले.

त्याच धामधुमीच्या काळात या माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला. दिवसभर पौंडांचे आकडे आणि रात्री विरही यक्ष! आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना हे ऐकून न्यूनगंड येत असे.

उधारी वसूल होते, पण

मग त्या उधारीचे झाले काय? बुडाली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १९४५ च्या अखेरीस ब्रिटनने अमेरिकेकडून पावणेचारशे कोटी डॉलरचे कर्ज घेतले, तेव्हाच्या करारात अशा शिलकींचा काही भाग कमी करून घेण्याची भाषा होती. तरी हिंदुस्थानच्या रकमेवर उघड काट मारण्याचे धाडस झाले नाही. रिझर्व्ह बँकेच्या वहीतला एकेक पौंड पावतीसकट दाखवता येत होता आणि येणे स्पष्ट होते. हिशेब राखण्याचे मोल इथे कळते.

पण पूर्ण चवीने खाता आले, असेही नाही. ब्रिटन रक्कम एकदम देऊ शकत नव्हते. १९४७ च्या जुलैत पौंड डॉलरमध्ये बदलण्याची मुभा दिली आणि पाचच आठवड्यांत मागे घ्यावी लागली. मग हप्ते ठरले. १९४८ च्या करारात याच रकमेतून ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाची किंमत वळती झाली आणि निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनांचीही सोय झाली. पाकिस्तानचा वाटा वेगळा निघाला. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली. उरलेल्या शिलकीची अमेरिकेच्या बाजारातली खरेदीशक्ती एका रात्रीत तीस टक्क्यांनी उतरली. कुणाशी विचारविनिमय करायची गरज नव्हती, कारण चलन ऋणकोच्या हातात होते. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

तरीही त्या पैशाने नव्या देशाला पहिली दहा वर्षे तारले. बाहेरून धान्य आले, यंत्रे आली, पहिल्या योजनेचा गाडा हलला. दुष्काळी वर्षांत पोटाला चिमटा काढून साठलेली ती पुंजी होती. ती संपत आली तेव्हा, १९५७–५८ साली, परकीय चलनाचे पहिले मोठे संकट आले.

फाळणीच्या काळात रिझर्व्ह बँक काही महिने दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. ती अवघड जबाबदारी पार पडली, १ जानेवारी १९४९ पासून बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या वर्षीच्या जूनअखेर चिंतामणराव गव्हर्नरपदावरून उतरले. त्याच वर्षी त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिना वारल्या. एक मुलगी, तीही परदेशी. घर एकदम रिकामे झाले.

अर्थमंत्री आणि कर

पंडित नेहरूंनी त्यांना नियोजन मंडळावर घेतले आणि १९५० साली जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर अर्थमंत्री केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा जिल्ह्यातून उभे राहिले, आणि आजोबांनी त्रेचाळीसचा राग बाजूला ठेवून मत दिले ते तेव्हा.

देश गरीब असला की अर्थमंत्र्याला दोनच दारे असतात. बाहेर हात पसरा, नाहीतर घरातल्यांकडून कर घ्या. बाहेरच्या दाराचा अनुभव चिंतामणरावांनी घेतला होता. म्हणून घरातले दार नीट करण्यावर त्यांचा भर राहिला. १९५३ साली वारसाने येणाऱ्या मोठ्या संपत्तीवर मृत्युकर आला. त्याच वर्षी मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करांची चौकशी करणारा आयोग बसला. केंब्रिजचे अर्थशास्त्री निकोलस काल्डोर १९५६ च्या सुरुवातीला आले आणि त्यांनी आपल्या करपद्धतीवर अहवाल लिहिला. श्रीमंतांवरचे दर कागदावर फार चढे, पण वसुलीला भगदाडे, असे त्यांचे निदान होते. संपत्तीकर, खर्चकर, देणगीकर यांच्या शिफारशी त्यातल्याच. त्यांपैकी संपत्तीकर आणि खर्चकर पुढे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी अमलात आणले.

१ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. जानेवारी १९५६ मध्ये एका रात्री रेडिओवरून देशमुखांनी आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. आपल्या घरांत जी विम्याची पॉलिसी असते, तिचे मूळ त्या रात्रीत आहे. हे सगळेच बरे झाले, असे मी म्हणणार नाही. मृत्युकर १९८५ साली रद्द झाला, आणि सरकारी बँकांचे गुणदोष मी आतून पाहिले आहेत. पण घरातली बचत घरातच कामी यावी, या हट्टामागे लंडनमध्ये अडकलेल्या शिलकीची आठवण होती असे मला वाटते.

याच काळात, जानेवारी १९५३ मध्ये, त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दुर्गाबाई म्हणजे घटना समितीच्या सभासद, आंध्र महिला सभेच्या संस्थापक आणि नियोजन मंडळातल्या त्यांच्या सहकारी. पंडितजी साक्षीदार होते. ज्या नेहरूंनी लग्नात सही केली, त्यांच्याशीच साडेतीन वर्षांनी चिंतामणरावांचे बिनसले.

ते का, हे मराठी वाचकांना सांगायला नको. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचे ठरत होते. मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसे गेली, आणि न्यायालयीन चौकशीची मागणी मान्य झाली नाही. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत नेहरूंच्या कार्यपद्धतीवर उघड टीका केली. आयुष्यभर आत बसून हिशेब राखणारा माणूस त्या दिवशी उठून बाहेर आला. दिल्लीतले मराठी मन ताठ झाले आणि रोह्यात आजोबांनी कात्री घेतली.

इथे मला आजोबांच्या पिशवीचा अर्थ लागतो. त्रेचाळीस साली राजीनामा दिला असता तर खुर्चीवर दुसरा साहेब आला असता आणि देशाच्या उधारीची पावती त्याच्या हाती गेली असती. छप्पन्न साली स्वराज्य होते. आता सही करणाऱ्याला सरकारच्या गोळीचीही जबाबदारी घ्यावी लागणार होती. केव्हा आत राहायचे आणि केव्हा उठायचे, हे ज्याला कळते तो खरा कारभारी.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतला पराभव, १९७५ चे पद्मविभूषण. संस्कृतात कविता चालूच होत्या. दुर्गाबाई १९८१ साली गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत चिंतामणरावांनी डोळे मिटले. ठाण्यात त्यांच्या नावाची संस्था आजही तरुणांना प्रशासकीय परीक्षांसाठी तयार करते. तिथे जाणाऱ्या किती मुलांना ब्रेटन वुड्सची गोष्ट माहीत असेल?

ती माहीत असायला हवी, कारण ती संपलेली नाही. १९९१ च्या जुलैत आपली परकीय गंगाजळी आटली, तेव्हा सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. मी तेव्हा नोकरीत होतो. ज्या लंडनमध्ये आपले कोट्यवधी पौंड जमा होते, तिथेच आता घरचे सोने गहाण टाकायला गेले, हे वाचून त्या दिवशी जेवण गेले नाही. नाणेनिधीचे कर्ज अटींसह आले. ते फेडले, तो भाग वेगळा. पण त्या अटी ठरवणाऱ्या मंडळात कुणाचे वजन किती, ते १९४४ सालीच ठरले होते. आजही मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत. आपला कोट्यातला वाटा तेव्हा, अखंड हिंदुस्थानचा, साडेचार टक्के होता. आज एवढी मोठी अर्थव्यवस्था होऊनही तो पावणेतीन टक्के आहे.

करांचीही तीच कथा. चिंतामणराव गेले त्याच वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, मॉरिशसशी दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. हेतू चांगला होता. पण पुढे त्या छोट्या बेटावर नुसती पाटी लावून आपल्याकडे पैसा गुंतवायचा आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावर दोन्हीकडे कर चुकवायचा, अशी वाट पडली. ती बुजवायला २०१६ साल उजाडावे लागले. २०२१ साली सव्वाशेहून अधिक देशांनी बड्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा हे मान्य केले, पण तो मसुदा मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेत घडला. म्हणून आफ्रिकी देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय संयुक्त राष्ट्रांत नेला. बाजूने १२५ मते पडली, भारताचे त्यात होते. विरोधात ४८, त्यांत बहुतेक श्रीमंत देश. माउंट वॉशिंग्टन हॉटेलातली मागणी ऐंशी वर्षांनी दुसऱ्या रूपात पुन्हा टेबलावर आली आहे.

ती नोट आता माझ्याकडे आहे. बाजारात तिचे काही येत नाही. आले तर जुन्या नोटा जमवणाऱ्याकडून. पण नातवंडांनी विचारले की मी त्यांना दाखवतो, ही बादशहाची छबी, ही आपल्या माणसाची सही, आणि या कागदाच्या बदल्यात गेलेला तांदूळ इथे दिसत नाही. मग कात्रण दाखवतो. दोन्ही कागद मी आजीने ठेवले होते तसेच एकाच पिशवीत ठेवले आहेत.